पेढी गावाची, पत राष्ट्राची

९ मार्च २०२३ या एका दिवसात कॅलिफोर्नियातील सिलिकॉन व्हॅली बँकेतून ४२ अब्ज डॉलर्सच्या ठेवी काढून घेतल्या गेल्या. बँकेच्या दाराशी रांगा दिसण्यापूर्वीच खातेदारांनी घरबसल्या, हातातील भ्रमणध्वनीवरून ती रिकामी करत आणली होती. दुसऱ्या दिवशी सरकारी यंत्रणेने बँक ताब्यात घेतली. १२ मार्चला न्यूयॉर्कची सिग्नेचर बँक त्याच वाटेने गेली आणि १ मे रोजी सॅन फ्रान्सिस्कोच्या फर्स्ट रिपब्लिक बँकेचाही कारभार आटोपला. जगातील दुबळ्या देशांना अर्थशिस्तीचे पाठ देणाऱ्या महासत्तेच्या घरात दोन महिन्यांच्या आत तीन मोठ्या प्रादेशिक बँका बुडाल्या. या घटनेकडे केवळ बाजारातील एक अपघात म्हणून पाहता येणार नाही.

तात्कालिक कारणे सर्वांना ठाऊक आहेत. व्याजाचे दर भराभर वाढले, स्वस्त व्याजाच्या काळात घेतलेल्या दीर्घ मुदतीच्या रोख्यांची किंमत घसरली आणि ज्यांच्या ठेवी विम्याच्या मर्यादेपलीकडच्या होत्या असे मोठे खातेदार एकाच वेळी पळत सुटले. हे सारे खरेच आहे. परंतु तापमापक लावून ताप कळतो, रोग कळत नाही. अमेरिकेतील बँकांचा रोग त्या राष्ट्राइतकाच जुना आहे. पैशाची सत्ता राजधानीत एकवटावी की गावोगाव विखुरलेली असावी, या एका प्रश्नावर ते राष्ट्र जन्मापासून भांडत आले आहे. या भांडणात दोन्ही पक्ष आळीपाळीने जिंकले आणि ज्या ज्या वेळी एकाचा निर्भेळ विजय झाला, त्या त्या वेळी किंमत मोजली ती सामान्य ठेवीदाराने आणि शेतकऱ्याने. हा इतिहास म्हणूनच मुळातून समजून घेण्याजोगा आहे.

स्वातंत्र्ययुद्ध संपले तेव्हा अमेरिकेच्या तेरा राज्यांवर कर्जाचा डोंगर होता आणि सर्वांना मान्य असे चलन नव्हते. पहिले अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी राष्ट्रीय बँकेची योजना मांडली. सरकारचा पैसा सांभाळणारी, सरकारला अडीअडचणीला कर्ज देणारी आणि देशभर चालेल अशी नोट काढणारी एक बँक असल्याशिवाय राष्ट्राची पत उभी राहणार नाही, हे त्यांचे म्हणणे. परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन यांनी कडाडून विरोध केला. राज्यघटनेने असा अधिकार केंद्राला दिलेला नाही आणि अशी बँक म्हणजे उत्तरेकडील व्यापाऱ्यांच्या हाती दक्षिणेकडील शेतकऱ्याची मान देणे होय, असा त्यांचा युक्तिवाद होता. राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांनी हॅमिल्टन यांची बाजू उचलली आणि १७९१ मध्ये २० वर्षांच्या सनदेवर ‘बँक ऑफ द युनायटेड स्टेट्स’ स्थापन झाली. भांडवल एक कोटी डॉलर, त्यात सरकारचा वाटा एक पंचमांश, मुख्यालय फिलाडेल्फियाला.

बँकेने काम वाईट केले नाही. परंतु १८११ मध्ये सनदेच्या नूतनीकरणाचा प्रश्न आला, तेव्हा तिचे बहुसंख्य भाग परकीयांच्या, मुख्यतः ब्रिटिशांच्या हाती गेले होते. परकीय भागधारकांना मतदानाचा अधिकार नव्हता, तरीही हा आक्षेप लोकांच्या मनात खोल रुतला. दुसरीकडे, राज्यांच्या सनदेवर चालणाऱ्या स्थानिक बँकांना या बड्या बँकेचा वचक नकोसा झाला होता. प्रतिनिधिगृहात प्रस्ताव एका मताने पडला. सिनेटमध्ये समसमान मते पडली आणि उपराष्ट्राध्यक्ष जॉर्ज क्लिंटन यांनी आपले निर्णायक मत विरोधात टाकले. इतक्या थोडक्यात राष्ट्रीय बँक संपली. पुढच्याच वर्षी ब्रिटनशी युद्ध पेटले आणि सरकारच्या हाती पैसा उभा करण्याचे साधनच उरले नाही, हे ध्यानात आले. राज्यांच्या बँकांचे मात्र पेव फुटले आणि त्यांच्या नोटांवर सोने-चांदी मिळणेही बहुतेक ठिकाणी बंद पडले. अखेर १८१६ मध्ये साडेतीन कोटी डॉलर भांडवलाची दुसरी राष्ट्रीय बँक स्थापन करण्याच्या विधेयकावर स्वाक्षरी केली ती राष्ट्राध्यक्ष जेम्स मॅडिसन यांनी. पहिल्या बँकेला घटनाबाह्य ठरवणाऱ्यांचे ते एकेकाळचे अग्रणी होते. अनुभवाइतका कठोर गुरू दुसरा नाही!

दुसऱ्या बँकेची सुरुवात मात्र अशुभ झाली. पश्चिमेकडील शाखांनी जमिनीच्या सट्ट्यासाठी वारेमाप कर्जे दिली आणि मग एकाएकी हात आखडते घेऊन वसुलीचा बडगा उगारला. १८१९ च्या मंदीत ओहायो परिसरातील शेते आणि सिनसिनाटी शहरातील घरेदारे बँकेच्या ताब्यात गेली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मेरीलँड राज्याविरुद्धच्या खटल्यात निर्वाळा दिला की, राष्ट्रीय बँक घटनेला धरून आहे आणि राज्याला तिच्यावर कर बसवता येणार नाही. कायद्याचा प्रश्न सुटला. परंतु ज्याची जमीन गेली, त्याच्या मनातील प्रश्न न्यायालयाच्या निकालाने सुटत नसतो. पुढे १८२३ मध्ये निकोलस बिडल अध्यक्ष झाले. त्यांनी बँकेला शिस्त लावली, देशभर एका किमतीने चालणारी नोट दिली आणि स्थानिक बँकांच्या उधळपट्टीला लगाम घातला. पण बिडल विद्वान होते तितकेच अहंकारीही होते.

त्यांची गाठ पडली अँड्र्यू जॅक्सन यांच्याशी. सीमेवरच्या गरिबीतून वर आलेला, कागदी नोटेवर आणि बँकेवर विश्वास नसलेला हा सेनानी राष्ट्राध्यक्ष झाला होता. १० जुलै १८३२ रोजी त्यांनी बँकेच्या नव्या सनदेचे विधेयक नकाराधिकार वापरून परत पाठवले. काही मूठभर श्रीमंतांना आणि परकीय भागधारकांना सरकारने मक्तेदारी बहाल करावी, हे लोकशाहीला शोभत नाही, असा त्या निवेदनाचा आशय होता. जनतेने जॅक्सन यांना पुन्हा निवडून दिले. त्यांनी सरकारी ठेवी काढून मर्जीतील प्रांतिक बँकांत ठेवायला सुरुवात केली. त्यावर बिडल यांनी काय करावे? सरकार नमावे म्हणून त्यांनी हेतुपुरस्सर कर्जे आवळली आणि व्यापारउदीम टंचाईत लोटला. एका माणसाच्या हाती देशाची नाडी असू नये, हा जॅक्सन यांचा आरोप बिडल यांनी स्वतःच्या कृतीने सिद्ध करून दाखवला. १८३६ मध्ये सनद संपली आणि पुढल्याच वर्षी देश भीषण मंदीत सापडला.

यानंतरचे पाव शतक म्हणजे विकेंद्रीकरणाच्या निर्भेळ विजयाचा काळ. १८३७ मध्ये मिशिगनने आणि १८३८ मध्ये न्यूयॉर्कने ‘मुक्त बँक’ कायदे केले. विधिमंडळाची खास सनद न घेता, ठरावीक अटी पाळून कोणालाही बँक काढता येऊ लागली. मिशिगनमध्ये जंगलातल्या आडवळणी वस्त्यांत बँका उगवल्या, कारण नोट घेऊन सोने मागायला तिथवर कोणी पोहोचू नये हाच हेतू. तपासनीस येण्याआधी नाण्यांची तीच पेटी एका बँकेतून दुसरीकडे पोहोचवली जाई. काही पेट्यांत वरचा थर तेवढा चांदीचा आणि खाली खिळे व काचा भरलेल्या आढळल्या. दोन-तीन वर्षांत त्यांतील बहुतेक बँका बुडाल्या आणि त्यांच्या नोटा घरोघरी रद्दी होऊन पडल्या.

तथापि न्यायाने बोलायचे तर सर्वत्र अशीच अंदाधुंदी नव्हती. न्यूयॉर्कमध्ये सरकारी रोख्यांचे तारण घेण्याची पद्धत कालांतराने चांगली रुजली. न्यू इंग्लंडमध्ये बोस्टनच्या सफोक बँकेने पुढाकार घेऊन ग्रामीण बँकांच्या नोटा पूर्ण किमतीने वटवण्याची व्यवस्था उभारली आणि सरकारी बडग्याविना शिस्त येऊ शकते हे दाखवले. म्हणजेच दोष स्थानिक बँकेत नव्हता, तिला जाब विचारणारे कोणी नसण्यात होता. तरीही यादवी युद्धाच्या उंबरठ्यावर देशात सुमारे १,६०० प्रांतिक बँकांच्या हजारो प्रकारच्या नोटा फिरत होत्या. एका राज्याची नोट दुसऱ्या राज्यात कमी किमतीला जाई. खोट्या आणि बुडीत नोटांची यादी देणारी नियतकालिके छापली जात. दुकानदार ती गल्ल्याशेजारी ठेवत आणि गिऱ्हाइकाने नोट पुढे केली की आधी पान उलटून पाहत. न्यूयॉर्कचे जॉन थॉम्प्सन यांचे नियतकालिक त्यांत प्रसिद्ध होते. हे नाव लक्षात ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे.

१८६१ मध्ये यादवी युद्ध पेटले आणि प्रश्न ऐरणीवर आला. युद्धाचा खर्च भागवायचा कसा? अर्थमंत्री सॅमन चेस यांनी १८६३ आणि १८६४ च्या कायद्यांनी राष्ट्रीय बँकांची नवी व्यवस्था आणली. ही हॅमिल्टन यांची एकच एक बँक नव्हती. गावोगावच्या भांडवलदारांनी आपापली बँक काढावी, सनद मात्र केंद्राच्या चलन नियंत्रकाकडून घ्यावी, सरकारी कर्जरोखे तारण ठेवावेत आणि त्या बळावर एकसारख्या छपाईच्या नोटा काढाव्यात, अशी ती रचना होती. १८६५ मध्ये प्रांतिक बँकांच्या नोटांवर १० टक्के कर लादण्याचा कायदा झाला आणि त्या नोटा चलनातून हद्दपार झाल्या. अमेरिकेला प्रथमच सर्वत्र एकाच किमतीची नोट मिळाली. बनावट नोटांच्या याद्या छापणाऱ्या जॉन थॉम्प्सन यांनीच १८७७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये एक राष्ट्रीय बँक काढली आणि तिला अर्थमंत्री चेस यांचे नाव दिले.

या युद्धाची झळ मुंबईलाही बसली होती. अमेरिकेच्या दक्षिण भागातील कापूस बंद झाल्याने लँकेशायरच्या गिरण्यांनी पश्चिम भारतातील कापसाला सोन्याचा भाव दिला आणि मुंबईत सट्ट्याचे वारे शिरले. प्रेमचंद रायचंद यांच्यासारख्या दलालांच्या शब्दावर बँक ऑफ बॉम्बेने समुद्र हटवण्याच्या कंपन्यांच्या भागांवर भरमसाट कर्जे दिली. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचे सेनापती ली शरण आले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईची पत त्यांच्याबरोबर गडगडली. १८६८ मध्ये ती बँक गुंडाळून त्याच नावाची नवी बँक उभारावी लागली. सट्ट्याला तारण समजणारी बँक मिशिगनच्या जंगलात असो की मुंबईच्या किल्ल्यात, तिचा शेवट सारखाच होतो.

राष्ट्रीय बँकांनी नोटेचा प्रश्न सोडवला, पण कर्जाचा सोडवला नाही. या बँकांना शेतजमिनीच्या तारणावर कर्ज देण्यास मनाई होती. ज्याच्याकडे जमिनीवाचून दुसरे काही नाही, अशा शेतकऱ्याला दारातील बँकेचा उपयोग काय? दक्षिणेत तर बँकाच विरळ होत्या. तेथील शेतकरी उभे पीक दुकानदाराकडे गहाण टाकून बी-बियाणे आणि धान्य उधार घेत असे आणि सुगीनंतरही कर्जातच राहत असे. मराठवाड्यातील वा विदर्भातील वाचकाला हे चित्र परके वाटणार नाही. शिवाय ग्रामीण बँकांचा राखीव निधी शहरांतील बँकांत आणि त्यांचा न्यूयॉर्कमध्ये जमा होई. तिथे तो शेअर बाजाराच्या कामी लागे. सुगीच्या वेळी गावाला पैसा हवा असे, नेमका तेव्हा तो न्यूयॉर्कमध्ये अडकलेला असे. १८७३ आणि १८९३ मध्ये ही साखळी तुटली आणि शेकडो बँका कोलमडल्या. १८९० च्या दशकात शेतकऱ्यांचा जो राजकीय उद्रेक झाला, त्याचे मूळ या पैशाच्या उलट्या प्रवाहात होते. दुसरीकडे, नोटा काढण्याचा अधिकार गमावलेल्या प्रांतिक बँका धनादेशाच्या व्यवहारावर पुन्हा उभ्या राहिल्या. राष्ट्रीय आणि प्रांतिक सनदेच्या बँका शेजारी शेजारी चालण्याची अमेरिकेतील दुहेरी पद्धत तेव्हापासून आजतागायत कायम आहे.

ऑक्टोबर १९०७ मध्ये न्यूयॉर्कच्या निकरबॉकर ट्रस्टने पैसे देणे थांबवले आणि घबराट पसरली. देशाला मध्यवर्ती बँक नव्हती. सावरले कोणी? जे. पी. मॉर्गन या खासगी बँकसम्राटाने! त्यांनी बँकांच्या प्रमुखांना आपल्या ग्रंथालयात बोलावले आणि मदतीच्या निधीवर सह्या होईपर्यंत दारे बंद ठेवली. संकट टळले, पण राष्ट्राची पत एका सत्तरीच्या गृहस्थाच्या मर्जीवर अवलंबून आहे, हे उघडे पडले. सत्ता एकवटू नये म्हणून राष्ट्रीय बँक मोडली होती. परिणामी ती अशा ठिकाणी एकवटली होती, जिथे जाब विचारण्याचीही सोय नव्हती.

२३ डिसेंबर १९१३ रोजी राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी फेडरल रिझर्व्ह कायद्यावर स्वाक्षरी केली. हा कायदा म्हणजे हॅमिल्टन आणि जेफरसन यांच्यात सव्वाशे वर्षांनी झालेला समझोता होता. मध्यवर्ती बँक एक नव्हे, बारा. बोस्टन, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया यांच्या जोडीला अटलांटा, कॅन्सस सिटी, मिनीॲपोलिस, डॅलस अशी शहरे. प्रत्येक विभागातील सदस्य बँका आपल्या विभागीय बँकेच्या भागधारक आणि सर्वांवर वॉशिंग्टनमधील मंडळाची देखरेख. राष्ट्रीय बँकांना सदस्यत्व सक्तीचे, प्रांतिक बँकांना ऐच्छिक. राष्ट्रीय बँकांना शेतजमिनीवर कर्ज देण्याची वाटही याच कायद्याने मोकळी झाली. योगायोग असा की, त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे विद्यार्थी म्हणून दाखल झाले होते. पुढे रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणाऱ्या आणि भारतीय चलनाविषयीच्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष देणाऱ्या बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेत अमेरिकेतील चलनव्यवस्थेची ही घडी बसत होती. त्याच आयोगाने रिझर्व्ह बँकेची शिफारस केली आणि १९३५ मध्ये ती साकार झाली.

रचना चांगली असली तरी एक मोठे छिद्र राहून गेले. बहुतेक राज्यांनी बँकांना शाखा काढण्यास बंदी किंवा कडक मर्यादा घातली होती. एक गाव, एक बँक. बाहेरच्या धनदांडग्याने आपल्या गावात पाय ठेवू नये, ही त्यामागची भावना होती आणि तीत काही अंशी स्थानिक बँकवाल्यांचा स्वार्थही होता. १९२१ च्या सुमारास अमेरिकेत जवळपास ३०,००० बँका होत्या. पण गव्हाच्या गावातील बँकेची सारी कर्जे गव्हावर आणि कापसाच्या गावातील कापसावर. महायुद्धानंतर शेतमालाचे भाव पडले आणि त्या दशकात पाच हजारांहून अधिक बँका बुडाल्या. १९३० ते १९३३ या काळात आणखी सुमारे नऊ हजार. शेजारच्या कॅनडात देशभर शाखा असलेल्या मोजक्या बँका होत्या. महामंदीत तेथील एकही बँक बुडाली नाही. ज्या स्थानिकतेने स्वावलंबन द्यायचे, तिनेच गावाची सारी पुंजी एका पिकाच्या भावाला बांधून ठेवली होती.

या संदर्भात दोन प्रयोग विशेष बोलके आहेत. १९०७ मध्ये ओक्लाहोमाने आणि पाठोपाठ अन्य सात राज्यांनी आपापल्या राज्यापुरती ठेवींच्या हमीची योजना काढली. हेतू उदात्त होता. पण ज्या राज्याची बँक एका पिकावर, त्या राज्याचा हमी निधीही त्याच पिकावर. पीक गेले तशा बँका गेल्या आणि हमी देणारा निधीही गेला. १९३० पर्यंत या आठही योजना मोडीत निघाल्या. दुसरा प्रयोग नॉर्थ डाकोटाचा. मिनीॲपोलिसच्या धान्यव्यापाऱ्यांच्या आणि बँकांच्या जाचाला कंटाळलेल्या शेतकऱ्यांनी ‘नॉनपार्टिझन लीग’च्या झेंड्याखाली राज्याची सत्ता मिळवली आणि १९१९ मध्ये २० लाख डॉलर भांडवलाची सरकारी ‘बँक ऑफ नॉर्थ डाकोटा’ सुरू केली. पुढे १९२१ मध्ये लीगच्या राज्यपालाला मतदारांनी परत बोलावले, बँक मात्र टिकली. तिने गावच्या बँकांशी स्पर्धा न करता त्यांच्या कर्जांत सहभाग घेतला आणि राज्याचा पैसा राज्यात खेळता ठेवला. शंभरी ओलांडून ती आजही उभी आहे. मोठ्याने लहानाला गिळण्याऐवजी खांदा दिला तर दोघेही जगतात, याचे हे उदाहरण आहे.

४ मार्च १९३३ रोजी फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा देशातील बहुतेक राज्यांत बँकांचे व्यवहार बंद वा मर्यादित होते. दोनच दिवसांनी त्यांनी देशव्यापी बँक-सुटी जाहीर केली. १२ मार्चच्या रात्री नभोवाणीवरून त्यांनी बँक म्हणजे काय, तिच्यात ठेवलेला पैसा कोठे जातो आणि सक्षम बँकाच पुन्हा का उघडणार आहेत, हे शेतकऱ्याला आणि गृहिणीला समजेल अशा साध्या शब्दांत सांगितले. दुसऱ्या दिवसापासून बँका उघडू लागल्या आणि लोक पैसे काढायला येण्याऐवजी घरात दडवलेला पैसा घेऊन परतले. त्याच वर्षी ठेव विम्याचा कायदा झाला. तो रेटला अलाबामाचे प्रतिनिधी हेन्री स्टीगल यांनी आणि रूझवेल्ट स्वतः त्याबाबत साशंक होते. १ जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंतच्या ठेवीला राष्ट्रीय हमी मिळाली. आदल्या चार वर्षांत नऊ हजार बँका बुडाल्या होत्या. १९३४ मध्ये विमा असलेल्या केवळ नऊ बुडाल्या. विम्याच्या मर्यादेतील ठेवीदाराचा एक सेंटही त्यानंतर बुडालेला नाही. आठ राज्यांना एकेकटे जे जमले नाही, ते राष्ट्राने एकत्र येऊन साधले. गावाची पेढी जगली ती राष्ट्राच्या पतीमुळे.

पुढची चार दशके तुलनेने शांततेत गेली. शांततेत मात्र धडे विसरले जातात. जुलै १९८२ मध्ये ओक्लाहोमा सिटीतील पेन स्क्वेअर ही एका बाजारसंकुलातील छोटी बँक बुडाली. तेलविहिरींसाठी बेफाम कर्जे देऊन तिने ती शिकागोच्या कॉन्टिनेंटल इलिनॉय या बलाढ्य बँकेला विकली होती. ना तेलाची माहिती, ना कर्जदाराची ओळख, पण शिकागोच्या बँकेने डोळे मिटून ती विकत घेतली. त्यातच इलिनॉय राज्याच्या शाखाविरोधी कायद्यामुळे तिच्याकडे सामान्य ठेवीदार थोडे आणि परदेशी बड्या ठेवी अधिक. १९८४ मध्ये त्या ठेवी पळाल्या आणि सरकारला ही बँक वाचवावी लागली. बुडू देणे परवडणार नाही इतकी मोठी बँक, ही कल्पना तेव्हापासून अमेरिकेच्या राजकारणात रूढ झाली.

मग लंबक दुसऱ्या टोकाला गेला. १९९४ च्या कायद्याने राज्याराज्यांच्या सीमा ओलांडून शाखा काढण्याची मुभा दिली, १९९९ च्या कायद्याने बँक आणि रोखेबाजार यांच्यातील जुनी भिंत पाडली. विलीनीकरणांचा सपाटा सुरू झाला. २००८ मध्ये त्याचे फळ दिसले. वॉशिंग्टन म्युच्युअल ही ३०७ अब्ज डॉलर मालमत्तेची बँक बुडाली. अमेरिकेच्या इतिहासातील बँकेचे हे सर्वांत मोठे पतन. ती विकत घेतली जे. पी. मॉर्गन चेसने. २०२३ मध्ये फर्स्ट रिपब्लिक बुडाली, तीही विकत घेतली जे. पी. मॉर्गन चेसने. १९०७ च्या मॉर्गन यांचे नाव आणि अर्थमंत्री चेस यांच्या स्मरणार्थ थॉम्प्सन यांनी काढलेल्या बँकेचे नाव आज एकाच पाटीवर आहे आणि ती पाटी देशातील सर्वांत मोठ्या बँकेची आहे. प्रत्येक संकटानंतर मोठी बँक अधिक मोठी होते. १९२१ मधील ३०,००० बँकांपैकी आता साडेचार हजारांच्या आसपास उरल्या आहेत. २०१८ मध्ये मध्यम आकाराच्या बँकांवरील देखरेख कायदा करून सैल केली गेली होती, आणि पाचच वर्षांत त्याच वर्गातील बँका कोसळल्या, हेही विसरता कामा नये.

हा सारा खटाटोप सातासमुद्रापलीकडचा म्हणून सोडून द्यावा काय? १९६० मध्ये केरळमधील पालाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, तेव्हा भारतानेही अमेरिकेप्रमाणे ठेव विम्याचा मार्ग धरला आणि १९६२ पासून १,५०० रुपयांपर्यंतच्या ठेवीला संरक्षण दिले. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले आणि हजार रुपयांवर हात आवळून बसण्याची वेळ मुंबईतील मध्यमवर्गीय कुटुंबांवर आली. त्यानंतर २०२० मध्ये विम्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाखांवर गेली. त्याच वर्षी दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या. १ मे २०२५ पासून ४३ प्रादेशिक ग्रामीण बँकांच्या २८ झाल्या. विलीनीकरणाने भांडवल आणि तंत्रज्ञानाचे बळ येते, हे नाकारण्याचे कारण नाही. मात्र कर्ज मागायला आलेल्या तरुणाला ओळखणारा, त्याच्या बापाने फेडलेले कर्ज आठवणारा अधिकारी त्या मोठ्या इमारतीत उरतो का, हा प्रश्न विलीनीकरणाच्या प्रत्येक निर्णयाबरोबर विचारला गेला पाहिजे.

दुसरी बाजूही तितक्याच परखडपणे मांडली पाहिजे. देशातील सर्वाधिक नागरी सहकारी बँका महाराष्ट्रात आहेत. त्यांतील अनेक सचोटीने उभ्या राहिल्या आणि रिक्षावाल्यापासून लघुउद्योजकापर्यंत अनेकांना त्यांनी हात दिला. परंतु संचालकाचा सोयरा हेच ज्या बँकेत तारण, ती ‘आपली’ बँक असली तरी मिशिगनच्या जंगलातली बँकच होय. पेटीच्या वरच्या थराखाली खिळे आहेत का, हे पाहण्याचे काम सर्वसाधारण सभेत बसलेल्या सभासदाचे आहे. दोन टक्के अधिक व्याजाच्या मोहाने निवृत्तीची पुंजी पतसंस्थेत ठेवताना, तिथल्या ठेवींना हे विमा-संरक्षण नाही, एवढे तरी प्रत्येक कुटुंबाने जाणून घेतले पाहिजे. मार्च २०२४ मध्ये नागरी सहकारी बँकांसाठी राष्ट्रीय पातळीवरील शिखर संस्था कार्यरत झाली. भांडवल आणि तंत्रज्ञानाच्या बाबतीत लहान बँकांना एकमेकींच्या आधाराने उभे करण्याची ही संधी आहे. नॉर्थ डाकोटाने शंभर वर्षांपूर्वी जे ओळखले, ते येथे साधता आले पाहिजे.

अमेरिकेने एकदा केंद्राची बँक मोडली आणि जंगलातल्या बँका भोगल्या. नंतर गावाभोवती कुंपण घातले आणि नऊ हजार बँका गमावल्या. पुढे कुंपणे काढली आणि चार-दोन महाबँकांच्या दाराशी येऊन उभी राहिली. तिच्या इतिहासात सामान्य माणूस सुखाने झोपला तो काळ एकच, जेव्हा कर्ज देणारा हात ओळखीचा होता आणि ठेवीची हमी राष्ट्राची होती. या दोहोंपैकी एकाचा बळी देऊन दुसरे टिकत नाही. आपल्या गावातील बँकेची वार्षिक सभा पुढच्या वेळी भरेल, तेव्हा अहवाल उघडून प्रश्न विचारणारे चार सभासद तिथे असतील, तर या दोनशे वर्षांच्या धड्याचे चीज झाले असे म्हणता येईल.